पेटीतले नर

नवरा गेला गणपतीनंतर आणि मधमाश्यांची पेटी आली दिवाळीच्या तोंडावर. ती त्यानेच पावसाळ्यात सांगून ठेवली होती. आसपास इमारती उठल्या तशा माश्या दिसेनाशा झाल्या, म्हणून परसातल्या काकड्या धरत नाहीत, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. बेलवलीच्या एक निवृत्त शिक्षिका पेट्या ठेवतात, असं कळल्यावर तो त्यांना जाऊन भेटून आला होता.

तो गेल्याचं बाईंना माहीत नव्हतं. टेम्पोतून पेटी घेऊन त्या शिरगावला आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि विचारलं, साहेब आहेत का घरात. मी सांगितलं. त्या पायरीवरच बसल्या. मग म्हणाल्या, पेटी परत नेते. मी "ठेवा" म्हटलं. नको म्हटलं असतं तर आणखी बोलावं लागलं असतं.

घरात मी आणि सासरे, दोघंच. मुलगी पुण्याला शिकते, तिला मीच परत पाठवलं होतं. उल्हासनगर कॅम्प एकला एका सिंधी शेटच्या कापडाच्या दुकानात मी काम करते, तिथेही जाऊ लागले होते. लोक म्हणत, धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. हातपाय चालत होते आणि त्यांच्यामागून मी जात होते.

बाईंनी पेटी उघडून सगळं दाखवलं. वसाहत नवीन, चौकटी थोड्याच. मधल्या चौकटींवरच्या पोळ्यात राणी अंडी घालते, तिथेच अळ्या वाढतात. मधपाळ त्याला पिलावा म्हणतात. पिलाव्याला जागा राहिली पाहिजे, बाकीचं सगळं नंतर, असं त्यांनी बजावलं. फुलोरा येईपर्यंत अधूनमधून थोडा साखरेचा पाक द्यायला सांगितलं.

मी रोज दिला. दुकानातून आले की पाक करायचा, गार करायचा, माश्या बुडू नयेत म्हणून वाटीत काड्या टाकून पेटीत ठेवायचा. सकाळी वाटी कोरडी असायची. संध्याकाळी पुन्हा भरायची. त्यात बरं वाटणं वगैरे नव्हतं, पण संध्याकाळ जायची.

थंडी पडल्यावर एका रविवारी बाई पाहायला आल्या. त्यांनी चौकट उचलून उन्हात धरली. पोळ्याच्या घराघरात पाक चकाकत होता.

"आता राणीनं अंडी घालायची कुठे?" त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत.

मग त्यांनी पोळ्याच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. तिथली घरं मोठी होती. त्यांची झाकणं फुगीर, टोकाला टाचणीने टोचल्यासारखं भोक. ही नरांची घरं, बाईंनी सांगितलं. नर मध आणत नाहीत, पिल्लांना भरवत नाहीत. थोडे लागतात, पण इतक्या लहान वसाहतीला एवढे पोसवत नाहीत. शिवाय जागा अडली की माश्या पेटी सोडायच्या तयारीला लागतात, आणि तेव्हाही नर वाढतात. पाक बंद करायचा, पाकाने भरलेली एक चौकट काढून पिलाव्याशेजारी रिकामी चौकट द्यायची आणि नरांचा पट्टा कापून टाकायचा. सुरी त्यांनी माझ्या हातात दिली.

सासरे काकडीच्या मांडवाखाली खुर्चीत बसून होते. मुलगा गेल्यापासून ते माझ्याशी बोलत ते जेवणापुरतं. एकुलता होता तो त्यांचा. मी पट्टा कापून ताटात टाकला. कापलेल्या घरांतून दुधासारखं पाणी सुटलं. शेजारच्या कोंबड्या ताटाभोवती जमायला लागल्या, तसे सासरे उठून आले. त्यांनी तो तुकडा उचलला.

"काय आहे यात?"

"नर आहेत, बाबा. जास्त झालेत."

त्यांनी नखाने एक झाकण काढलं. आत पांढरंफटक अंग होतं आणि त्यावर जांभळे डोळे. तुकडा त्यांनी चष्म्याजवळ नेला.

"डोळे आलेत गो याला," ते म्हणाले.

मला वाटलं, आता तरी रडू येईल. आलं नाही. माझी बोटं चिकट झाली होती आणि मी फडकं शोधत होते. सासरे मात्र रडत होते, आवाज न करता, तुकडा हातात धरून. बाई पाठ करून पेटीचं झाकण पुसत राहिल्या.

दुसऱ्या चौकटीलाही तसाच पट्टा होता. सासऱ्यांनी तिकडे हात केला. "तो राहू दे. बाकीचं काय करायचं ते कर."

मी बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, राहू द्या. सगळे काढले तरी माश्या पुन्हा बांधतातच. एका पट्ट्याने बिघडणार नाही.

कापलेला तुकडा सासऱ्यांनी कोंबड्यांना दिला नाही. केळीच्या बुंध्याशी पुरला. मी ताट घासून ठेवलं.

पाक बंद झाला आणि संध्याकाळी हाताला काम उरलं नाही. मी ओट्यापाशी नुसती उभी राहायची. बाईंच्या पुढच्या खेपेला पेटी मीच उघडली. रिकाम्या चौकटीवर नवं पांढरं पोळं उतरलं होतं, बारीक घरांचं, आणि प्रत्येक घराच्या तळाशी दोऱ्याच्या तुकड्यासारखं एकेक अंडं उभं होतं. सासऱ्यांना ते दिसेना. मी चौकट तिरपी करून दाखवली, तरी दिसेना. मग मी सांगत गेले आणि ते ऐकत राहिले. या कामकरी माश्या होणार ना, एवढं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

राखलेल्या पट्ट्यातले नर काही दिवसांनी बाहेर पडले. मी तेव्हा दुकानात होते. रात्री ताटावर बसल्यावर सासऱ्यांनी आपणहून सांगितलं, दुपारी उडाले, अंगाने जाडे आहेत, आवाजही मोठा करतात. इतकं ते कित्येक दिवसांत बोलले नव्हते. मी फक्त हूं म्हटलं.

रडू मला त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आलं. दुकानात, एका गिऱ्हाइकाला शर्टाचं कापड फाडून देताना. शेटने कात्री काढून घेतली आणि घरी जायला सांगितलं. रिक्षाने आले. सासरे पेटीसमोर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी खुर्ची जरा बाजूला सरकवली. मी आतून दुसरी खुर्ची आणली.