चिखलाच्या भरवशावरचा संघ

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. लोणी काळभोरहून सकाळच्या शटलनं पुण्याला यायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं, अशी चार वर्षं काढून बी. ए. झालो. हे मी मान वर करून सांगतो. का सांगू नये? पण वर्गात मी तोंड उघडत नसे. सर इंग्रजीत विचारायचे, आणि माझं उत्तर मराठीत जुळून इंग्रजीत येईपर्यंत ते दुसऱ्याकडे वळलेले असायचे. मी बोलायचो ते मैदानाच्या पायऱ्यांवर. तिथं विषय एकच, आपला फुटबॉलचा संघ यंदा काय करणार. त्याला इंग्रजी लागत नव्हतं.

पायऱ्यांवर आम्ही तिघं कायमचे. एक सदाशिव पेठेतला, वडील वकील, आजोबा वकील, आणि हा स्वतः बोलायला लागला की समोरचा आरोपी. दुसऱ्याच्या घरचं नाना पेठेत सायकलचं दुकान होतं. त्यांच्या किती पिढ्या पुण्यात गेल्या हे त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याचा थोरला भाऊ आमच्या संघाचा कप्तान होता आणि त्याचं ते शेवटचं वर्ष होतं. तिसरा मी. पेठेतला मला ‘पाटील’ म्हणायचा. आमच्या सात पिढ्यांत कुणी पाटील नव्हतं, पण गावाकडचा म्हणजे पाटील, असा त्याचा हिशेब.

त्या वर्षी जूनमध्ये कॉलेजला नवे प्राचार्य आले. त्यांनी जिमखान्याच्या सरांना बोलावून सरळ सांगितलं, की हा संघ कॉलेजांच्या झोनल स्पर्धेतली पहिली मॅच कधी जिंकल्याचं कुणाला आठवत नाही. यंदा पहिली मॅच जिंकली तर संघ राहील. नाहीतर संघ बंद, आणि मैदानावर परीक्षांसाठी हॉल. सरांनी ते पोरांना सांगितलं, कप्तानानं घरी भावाला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर आमच्यापर्यंत आलं.

पेठेतला म्हणाला, “हॉल बांधतील तर बरंच आहे. निदान तिथं कुणीतरी पास होईल.”

पण तोही त्या दिवशी जेवायला घरी गेला नाही.

सराव सुरू झाला तसे आम्ही रोज चारला हजर. संघ कसा होता हे प्रामाणिकपणे सांगतो. वाईट होता. पोरं जिवापाड पळायची, पण बॉल त्यांच्याबरोबर पळायला तयार नसायचा.

“गोली सुधारलाय,” सायकलवाला म्हणायचा.

“सुधारलाय ना. गेल्या वर्षी गोल झाला की खाली बघायचा. आता मागे वळून बॉल कुठं गेला ते बघतो. नजर शाबूत आहे,” पेठेतला म्हणायचा.

“आणि सेंटर फॉरवर्ड?”

“अत्यंत सभ्य मुलगा. गोलाच्या भानगडीत पडत नाही.”

“अरे, कधीतरी चांगलं बोल.”

“चांगलं बोलायला यांनी जागा ठेवली पाहिजे ना. तुझ्या भावाबद्दल बोलू? बरा खेळतो. त्याच्याबरोबर दहा जण हवेत, एवढीच अडचण आहे.”

घरी रात्री भाऊ सायकलवाल्याला विचारायचा, “काय म्हणत होते रे पायऱ्यांवर?” आणि हा सगळं सांगायचा. एक शब्द गाळायचा नाही. कप्तानाला आमची मतं लागत. बाकी त्या संघाकडे बघायला येत होतं तरी कोण?

एक गोष्ट मात्र आमच्या बाजूनं होती, आणि ती मी ओळखली. मैदानाची कालव्याकडची बाजू खोलगट. पावसाळ्यात तिथं पोटरीपर्यंत गाळ व्हायचा. पण फार पूर्वी त्या बाजूनं पळण्यासाठी मुरमाची वाट केलेली होती. पुढं गाळ साचून ती बुजली, आणि नंतर गोलाचे खांब सरकवले तेव्हा ती तिरकी मैदानाच्या आत आली. वरून काही दिसायचं नाही. पाय ठेवला की चार बोटं गाळाखाली टणक लागायचं. आमच्या पोरांच्या तळव्यांना ती वाट पाठ होती. परक्या संघाचा गडी दोन पावलं बाजूला पडला की रुतलाच. मी पायऱ्यांवर म्हणालो, “बॉल सारखा त्या बाजूला टाका. आपले पळतील, त्यांचे फसतील.”

पेठेतल्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. “पाटील, तुम्ही बी. ए. कशाला करताय? सैन्यात जा.”

सायकलवाल्यानं ते रात्री घरी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सरांनी तोच सराव लावला. बॉल कालव्याकडे, आणि डावीकडचा फॉरवर्ड बुजलेल्या वाटेवरून सुसाट. जुलैच्या मध्यावर भर चिखलात कँपातला एक क्लब सरावाला खेळायला आला आणि एक गोल खाऊन गेला. मी कॉलेजात आल्यापासून आमच्या संघानं मारलेला तो पहिला गोल मी डोळ्यांनी पाहिला.

मग आठवड्यानं खडकीला एका कारखान्याच्या संघाशी सामना झाला. तिथलं मैदान उंचावरचं, कोरडं, सपाट. सातव्या गोलानंतर आम्ही बोलणं थांबवलं. परतीच्या बसमध्ये कप्तान पुढच्या सीटवर कपाळ टेकून बसला होता. पेठेतला त्याच्याशेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, “कोरड्यावर आपला संघ नाही. हे एकदा मान्य केलं की त्रास कमी होतो.” टोमणा म्हणून नव्हता म्हणाला तो. पण त्या दिवसापासून आम्ही सगळेच ते वाक्य रोज बोलायला लागलो. कोरड्यावर आपला संघ नाही. चहा पिताना, गाडी गाठताना, लायब्ररीच्या रांगेत. सरसुद्धा बोलायला लागले.

म्हणजे सगळं पावसावर आलं. मॅच आमच्याच मैदानावर होती, ऑगस्टात. आणि ऑगस्ट लागला तसा पाऊस थांबला.

आता पायऱ्यांवर खेळाडूंची चर्चा बंद झाली, आभाळाची सुरू झाली. त्यात मी जाणकार. सायकलवाला रोज विचारायचा, “आज काय वाटतं?” मी वारा बघायचो, सिंहगडाच्या बाजूचे ढग बघायचो. खोटं बोलवत नव्हतं. “पोकळ आहेत,” म्हणायचो.

घरी नेमकं उलट. आमची कांद्याची रोपं वाफ्यात सडायला लागली होती, वडील उघडिपीची वाट बघत बसले होते. ऊन पडलं तसे खुलले. रात्री भाकरी मोडताना म्हणाले, “द्येवानं ऐकलं. आजून आठ दिस असंच ऱ्हाऊ दे.” मी मान खाली घालून जेवत राहिलो. त्यांना काय सांगणार, की मी पुण्यात बसून पाऊस मागतोय, आणि तो कशासाठी?

गाळ सुकला, त्याला भेगा पडल्या. बुजलेली वाट आणि बाकीची जमीन यांत फरक उरला नाही. सरावाला पोरं यायची, पण पाय उचलत नव्हती. मॅचला तीन-चार दिवस उरले तेव्हा आम्ही तिघं कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याकडे गेलो. खाटेवर आडवा पडून तो विडी ओढत होता. पेठेतल्यानं अगदी अदबीनं सुरुवात केली.

“अहो काका, एक विनंती होती. आमच्या मैदानात थोडं पाणी सोडता येईल का आपल्याला?”

“मैदानात काय लावलंय?”

“काही लावलेलं नाही. फुटबॉल खेळायचाय.”

पाटकऱ्यानं विडी विझवली. “फुटबॉलला पाणी द्यायचं?”

“चिखल हवाय हो.”

“मग रडा की तिथं बसून,” तो म्हणाला, आणि कूस बदलून झोपला. परत येताना आम्ही तिघंही हसलो नाही.

मॅचच्या आदल्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. मी म्हणालो, “हे भरीव आहेत.” सायकलवाल्यानं माझा हात धरला. पेठेतला म्हणाला, “जिंकू.” एवढंच. दोन वर्षांत त्याच्या तोंडून असा शब्द मी ऐकला नव्हता, आणि मला भीती वाटली.

पाऊस लागला तो रात्रभर. सकाळी शटल उशिरा आली. मी स्टेशनापासून जवळजवळ पळतच मैदान गाठलं, आणि फाटकातच उभा राहिलो. चिखल नव्हताच. तळं होतं. कालव्याकडच्या गोलाचा आडवा दांडा आणि खांबांचा वरचा भाग तेवढा पाण्याबाहेर दिसत होता. पंचांनी बॉल टाकून पाहिला. तो तरंगत तरंगत कोपऱ्याकडे गेला. आमच्या पोरांनी जर्सी घालून पाण्यात उतरून पाहिलं होतं, ती छातीपर्यंत भिजून काठावर उभी होती.

स्पर्धेचे चिटणीस छत्री घेऊन आले. त्यांनी दोन्ही कप्तानांना बोलावलं. म्हणाले, “इथं खेळ होणार नाही. उद्या सकाळी कोथरूडच्या बाजूला वरचं मैदान मिळतंय, तिथं पाणी साचत नाही. पण पुढच्या मॅचेस अडल्यात. दोघं तयार असाल तर आत्ता टॉस करू, जिंकेल तो पुढे.” समोरचा संघ बाहेरगावचा, राहायची सोय नाही. त्यांचा कप्तान म्हणाला, आमची टॉसला ना नाही.

आमचा कप्तान म्हणाला, “दोन मिनिटं द्या.” आणि तो सरांकडे न जाता पायऱ्यांकडे आला. पाणी निथळत होतं, ओठ निळे पडलेले.

“बोला,” तो म्हणाला. “खेळू की टॉस?”

त्याचा भाऊ म्हणाला, “टॉस, भाई. वरचं मैदान कोरडं आहे.”

पेठेतला म्हणाला, “उद्या खेळा.”

“तूच म्हणतोस ना, कोरड्यावर आपला संघ नाही?” कप्तान म्हणाला.

“नाहीच. सात गोल खाल. पण पायानं हरा. चार आण्याच्या नाण्यानं हरू नका.”

कप्तान माझ्याकडे वळला. मी टॉस म्हणालो. आजही कुणी विचारलं तर तेच म्हणेन. पेठेत वाढलेल्याला शोभेसं हरणं परवडतं. आम्ही शेतातली माणसं. बी मातीत टाकतो तेव्हा रुपयातले आठ आणे आपले, आठ आणे वरच्याचे, हे धरूनच टाकतो. उद्याच्या मैदानावर आमचा एक आणाही नव्हता. इथं आठ आणे मिळत होते. ते कोण सोडील?

“पाटील बरोबर बोलतो,” कप्तान म्हणाला. पेठेतला पायरीवर खाली बसला.

पंचांनी पाण्याच्या काठावर उभं राहून नाणं उडवलं. आमच्या कप्तानानं छापा मागितला. नाणं वर गेलं, वाऱ्यानं कललं आणि पाण्यात पडलं. सगळे वाकून बघायला लागले. सायकलवाला गुडघ्यांवर बसून गढुळात हात फिरवत राहिला. म्हणत होता, “थांबा, इथंच आहे, मिळेल.” पंच थोडा वेळ थांबले. मग त्यांनी खिशातून दुसरं नाणं काढलं, उडवलं आणि या वेळी तळहातावर झेललं.

काटा होता.

कुणी ओरडलं नाही. समोरच्या संघानंही नाही. त्यांच्या कप्तानानं आमच्या कप्तानाशी हात मिळवला आणि ते बसकडे निघाले. सायकलवाला अजून पाण्यात हात घालून बसला होता. भावानं त्याला दंडाला धरून उठवलं.

जिमखान्यातून दुसऱ्याच दिवशी निरोप आला. संघ बंद, जर्स्या धुऊन जमा करा. अकरा जर्स्या, पांढऱ्या होत्या म्हणे एके काळी. कप्तान त्या गोणीत भरून होस्टेलच्या नळावर घेऊन आला. बाकीच्या खेळाडूंपैकी दोघंच आले. आम्ही तिघं होतोच. पेठेतल्यानं बाह्या सरसावल्या. घरी त्यानं कधी रुमालसुद्धा धुतला नसेल, तो गोलीची जर्सी दगडावर आपटत होता. ऊन कडक पडलं होतं. आम्ही धुवत होतो, पिळत होतो, तारेवर टाकत होतो, आणि बोलणं आपोआप सुरू झालं. डावीकडच्याला उजवीकडे खेळवायला हवं होतं का? गोली आणखी एक वर्ष टिकला असता का? कप्तान ऐकत होता, मधूनच म्हणत होता, “हां, ते बरोबर आहे.”

जर्स्या वाळल्यावर घड्या घालून जिमखान्याच्या खिडकीत नेल्या. आतल्या कारकुनानं वरची उचलून उजेडात धरली. पाठीवर तांबूस डाग तसाच होता.

“चिखल निघाला नाही. परत धुऊन आणा.”

कप्तान म्हणाला, “निघत नाही हो तो.”

“मग जमा होणार नाहीत.”

कप्तानानं आमच्याकडे पाहिलं. पेठेतल्यानं पुढं होऊन खिडकीतली ती जर्सी परत घेतली, नीट घडी घातली आणि गोणीत ठेवली. आम्ही गोणी दोन बाजूंनी उचलली आणि परत नळाकडे निघालो. माझी शटल केव्हाच सुटली होती.