पाच वर्षांचं तेरावं

दर बुधवारी ब्रेकरूमबाहेरच्या फळ्यावर शनिवारच्या ओव्हरटाइमचा कागद लागला, की काका त्याच्यासमोर जाऊन उभे राहायचे. दोन्ही हात पाठीमागे, चष्मा कपाळावर. लग्नाची पत्रिका वाचावी तसा तो कागद वरपासून खालपर्यंत वाचायचे, कुणाकुणाची नावं आलीत ते बघायचे आणि वळून म्हणायचे, "घाम आपला, ढेकर दुसऱ्याचा. नको रे बाबा." मग चहा घ्यायला निघून जायचे.

त्यांना नावानं हाक मारणारं त्या कारखान्यात कुणीच नव्हतं. आमचा अमेरिकन सुपरवायझरसुद्धा त्यांना 'काका'च म्हणायचा. त्याला ते त्यांचं पहिलं नाव वाटायचं.

कारखाना न्यू जर्सीत, आयसेलिनपासून पंधरा मिनिटांवर. औषधाच्या गोळ्या बाटल्यांत भरायच्या, टोपणं लावायची, बाटल्या खोक्यांत घालायच्या. नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. मी नागपूरहून नुकतीच आले होते आणि क्वालिटीत कामाला लागले होते. काका टोपणं लावायच्या मशीनवर होते.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेत येऊन दीडपट पैशांना नाही म्हणणारा हा कसला माणूस? मलाही तेच वाटलं. एकदा जेवताना मी विचारलंच.

"अगं, माझं तेरावं चालू आहे," काका म्हणाले.

माझा घास हातात राहिला. "कोण गेलं, काका?"

"हॉटेल गेलं."

ओक ट्री रोडवर, तिथल्या देशी बाजारात, त्यांचं छोटंसं हॉटेल होतं. डोसा आणि ढोकळ्याच्या त्या गर्दीत काकांनी थालीपीठ, मिसळ आणि साबुदाणा वडा विकायला काढला. मराठी माणसं यायची, खायची, "अगदी घरच्यासारखं" असं तोंड भरून म्हणायची. आणि घरच्यासारखंच खायचं तर घरी खाऊ, असा विचार करून पुढच्या वेळी डोसा खायला जायची. दोन वर्षांत हॉटेल बसलं. राहतं घर तरी वाचावं म्हणून वकिलानं त्यांना बँकरप्सीच्या कायद्याचा तेरावा चॅप्टर लावला. त्यात सगळं एकदम बुडवता येत नाही. कोर्टानं नेमलेल्या ट्रस्टीकडे पाच वर्षं दरमहा हप्ता भरायचा. ज्यांचे पैसे थकलेत त्यांना तो थोडेथोडे वाटणार. पाच वर्षं नीट भरलं की उरलेलं माफ.

"लोकांचं तेरावं एका दिवसात उरकतं," काका म्हणाले, "माझं पाच वर्षं चालणार. आणि जेवायला कोण, तर क्रेडिट कार्डवाले!"

वकिलानं सांगितलं होतं, की कमाई वाढली तर कळवावं लागेल आणि मग ट्रस्टी हप्ता वाढवून मागेल. म्हणून काका ओव्हरटाइमच्या वाटेला जात नसत. ब्रेकरूममध्ये एकानं सुचवलं, "करा आणि सांगू नका, यार. कोण बघतंय?" काका एकदम ताठ झाले. "शपथेवर सही केलीय मी. हॉटेल बुडलंय, मी नाही."

झालं, तर काका दर शनिवारी घरी. आणि एका रविवारी सकाळी मला काकूंचा फोन आला. काकूंना मी दोनदाच भेटले होते.

"बाई गं, ह्यांना ओव्हरटाइम दे."

"काकू, ते माझ्या हातात नाही. आणि त्यातले पैसे कोर्ट घेऊन जाईल."

"पैसे नेले तर नेऊ देत. पण शनिवारी ह्यांना कुणीतरी न्या."

मग काकू बोलतच सुटल्या. काकांनी मसाल्याचे डबे इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावले होते. हळद 'टी'खाली होती, कारण ती टर्मरिक. मागच्या शनिवारी काकूंनी पोहे केले तर ह्यांनी ताटली उचलून कडेचं तेल रुमालानं पुसलं आणि म्हणाले, "असं पाठवू नये टेबलावर." टेबलावर कोण होतं? तेच.

मी हसले, पण फोन ठेवल्यावर मला वाईटही वाटलं. आठवड्याभरानं काकांनी वकिलाकडून आलेलं एक पत्र माझ्यापुढे ठेवलं. "तू क्वालिटीवाली. तू नीट वाच." पत्रासोबत कुणाला किती द्यायचं त्याची यादी होती. मी मोठ्यानं वाचू लागले. तीन कार्ड कंपन्या, एक बँक, भट्टी विकणारी कंपनी, फ्रीज भाड्यानं देणारी कंपनी. काका प्रत्येक नावाला "हं" म्हणत होते. शेवटी एका बाईचं नाव आलं, पत्ता एडिसनमधला. ह्या नावाला "हं" आलं नाही.

"ह्या कोण, काका?"

"मावशी. चकल्या, भाजणी, पुरणपोळ्या त्यांच्याकडून घ्यायचो. एकट्या असतात. नवरा गेल्यावर ह्याच्यावरच घर चालवलं." काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "दोन हजार द्यायचेत त्यांचे. गणपतीला शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या, दिवाळखोर माणसानं आरतीला पुढं उभं राहू नये. तेव्हापासून मी मंडळात जात नाही."

"त्यांचे एकट्यांचे देऊन टाका ना हळूहळू."

"तेच विचारलं वकिलाला. चालत नाही म्हणे. सगळ्यांना सारख्या पंगतीत बसवायचं. एकीच्या पानात गुपचूप लाडू वाढायचा नाही."

एकूण देणं पन्नास हजारांचं होतं, त्यात मावशींचे दोन. मी कागदाच्या कोपऱ्यावर आकडा मांडला. "म्हणजे तुमचे ज्यादा शंभर डॉलर गेले, तर त्यातले चार मावशींना."

"चार?"

"ट्रस्टीची फी जाऊन चारसुद्धा नाहीत."

काकांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. मग मशीनची घंटा झाली आणि ते उठून गेले. बुधवारी कागद लागला. काका नेहमीसारखे उभे राहिले, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि खिशातलं पेन काढून सही केली. सुपरवायझर लांबून बघत होता. त्यानं येऊन सही खरी आहे का ते पाहिलं.

वकिलानं ट्रस्टीला कळवलं. पेट्रोल आणि जेवणाचे म्हणून चौथा हिस्सा काकांना ठेवायची परवानगी मिळाली, बाकीचा हप्त्यात. ब्रेकरूमनं एकमतानं काकांना वेड्यात काढलं. काकूंनी मात्र मला डबाभर करंज्या पाठवल्या. माझा ह्यात काही हात नाही हे मी दोनदा सांगितलं, पण करंज्या परत केल्या नाहीत.

काही महिन्यांनी काका सकाळीच माझ्या टेबलापाशी आले. चेहरा पडलेला. "वकिलाचा फोन होता. मावशींना गेलेले तीन चेक बँकेत भरलेच नाहीत म्हणे. माझे बारा शनिवार कुठं गेले?"

"तुम्ही फोन करून विचारा."

"मी?" काका दचकून म्हणाले. "तू चल बरोबर. तुझ्यासमोर त्या शिव्या देणार नाहीत."

दिल्या. मावशींनी साखळी न काढता दार फटीएवढं उघडलं, काकांना पाहिलं आणि फटीतूनच सुरुवात केली. दोन वर्षांचं साठलेलं होतं. त्यांनी उसनं आणलेलं तेल, पोळ्यांना लागलेलं तूप, हॉटेल बंद झालं त्या दिवशी करून ठेवलेल्या आणि वाया गेलेल्या साठ पुरणपोळ्या. काका मान खाली घालून ऐकत होते. मध्ये एकदाच हळूच म्हणाले, "बासष्ट होत्या."

मावशी थांबल्या. त्यांना श्वास घ्यावा लागला. तेवढ्यात काका म्हणाले, "मावशी, कोर्टाकडून येणारी पाकिटं फेकू नका. त्यात माझे शनिवार आहेत."

"कसले शनिवार? कसली पाकिटं? मला रोज पाकिटं येतात. तू दहा लाख डॉलर जिंकलीस, म्हणून. एक मेलं खरं नसतं. सगळी कचऱ्यात घालते मी."

"सगळी?" काका म्हणाले.

मावशींनी आमच्याकडे पाहिलं, दार लावलं, साखळी काढली आणि आम्हाला आत घेतलं. स्वयंपाकघरात तेलाच्या डब्याखाली एक पाकीट सापडलं. तेल ओट्यावर उतरू नये म्हणून घातलेलं. त्यांनी ते फोडलं. आतला चेक कडेनं तेलकट झाला होता, पण आकडा दिसत होता. चौदा डॉलर बावीस सेंट.

"एवढेच?" मावशी म्हणाल्या.

"एवढेच."

"महिनाभराचे?"

"चार शनिवारांचे. बाकीचं सगळं कार्डवाले खातात."

मावशींनी तो चेक उजेडात धरून उलटसुलट पाहिला. "म्हणजे हे चौदा डॉलर मला मिळावेत म्हणून तू त्या कार्डवाल्यांना शेकड्यांनी देतोस? अरे, तू हॉटेल कसं चालवलंस ते आता कळलं मला."

हे म्हणताना त्या हसल्या आणि मग डोळ्याला पदर लावला. तेलाचा वास होता, त्याच्यामुळेही असेल. निघताना त्यांनी चकल्यांची पिशवी काकांच्या हातात दिली. काकांनी ती दोन्ही हातांनी घेतली, वाकून नमस्कार केला.

"तीन डॉलर," मावशी म्हणाल्या. "रोख."

गाडीत बसल्यावर काका इतके खूश होते की सगळ्या रस्त्यात ते मला फक्त चकल्यांबद्दल सांगत होते. हरवलेले चेक ट्रस्टीच्या ऑफिसातून पुन्हा निघाले. त्यानंतर दर महिन्याला काका फोन करायचे, "मावशी, पाकीट आलं?" आणि मावशी तिकडून सेंटांसकट आकडा सांगायच्या. पुढच्या गणपतीत काका आरतीला पुढं होते. त्यांना कुणी पुढं ढकललं ते मी सांगायला नको.

पाच वर्षं पुरी झाली. कोर्टाचा कागद आला, उरलेलं माफ झालं. मावशींचे अजून हजाराच्या वर राहिले होते. आता ओव्हरटाइमचा प्रत्येक डॉलर काकांचा स्वतःचा होता. पहिल्या महिन्याचे पैसे पाकिटात घालून ते मावशींकडे गेले. काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं.

"घेईनात गं. म्हणाल्या, कोर्टानं सोडलं, मी काय कोर्टापेक्षा मोठी? पैसे नकोत. माझा खांदा गेलाय. शनिवारी ये आणि सोऱ्या दाब."

त्या बुधवारी सुपरवायझरनं स्वतः पेन पुढं केलं, तर काका म्हणाले, "सॉरी, सॅटर्डेला मी बिझी आहे."

मी पुढं नोकरी बदलून व्हर्जिनियात आले. काका गेल्याचं काकूंनी फोनवर कळवलं. झोपेतच गेले, शुक्रवारी. काकू म्हणाल्या, "मावशींना कसं सांगू गं? त्यांनी उद्यासाठी भाजणी दळून ठेवलीय."

मी जर्सी सोडायच्या आधी निरोप घ्यायला मावशींकडे गेले होते, तेव्हाचे काका मला आठवतात. बाह्या वर केलेल्या, भुवयांना पीठ. पहिल्या घाण्याची चकली निवली होती. मावशींनी ती मोडली, अर्धी काकांना दिली, अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली. दोघं समोरासमोर उभे राहून, माझ्याकडे अजिबात लक्ष न देता, डोळे बारीक करून चावत राहिले. मग दोघांनी एकदमच मान हलवली.

"मोहन कमी पडलं," मावशी म्हणाल्या.

"मी सांगत होतो," काका म्हणाले.