दमयंती पोंक्षे यांची चिलखती जहाजं

रत्नागिरीत मुलींच्या शाळेत दमयंतीबाई पोंक्षे भूगोल शिकवत. आगबोटीपलीकडे मोठं जहाज त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि तरीही १९३१ सालच्या उन्हाळी सुटीत त्यांनी एक अख्खं समुद्री युद्ध लिहून काढलं. युद्ध मनचंच होतं. शंखदुर्ग आणि तरंगपूर ही दोन राज्यं. शंखदुर्गाकडे शिडांची चाळीस गलबतं, तरंगपुराकडे लोखंडी पत्र्यांनी मढवलेली, वाफेवर चालणारी दोन चिलखती जहाजं. असली जहाजं जगात नवी नवी निघाली, त्या काळातली गोष्ट. नवरा वासुदेवराव कोर्टात नक्कलनवीस. त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात सगळी कादंबरी उतरवून दिली, आणि दमयंतीबाई ती घेऊन गावातल्या एका मासिकाचे संपादक राजाभाऊ यांच्याकडे गेल्या.

पंधरा दिवसांनी राजाभाऊंनी बाड परत केलं.

"भाषा चांगली आहे," ते म्हणाले. "पण तुमचं लोखंडी जहाज घोड्यासारखं उधळतं. आत माणसं काय करतात, कोळसा कुठे असतो, तोफ फिरते कशी, कशाचा पत्ता नाही. बायकांनी ठाऊक असलेलं लिहावं. घर आहे, सणवार आहेत."

सणवाराची गोष्ट बाईंच्या जिव्हारी लागली. पण घरी येऊन त्यांनी बाड पुन्हा वाचलं, आणि त्याआधी राजाभाऊ जहाजाबद्दल जे बोलले ते सगळं खरं असल्याचं त्यांना कबूल करावं लागलं. जहाजाच्या आत काय असतं हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. ठाऊक नसेल तर ठाऊक करून घ्यायचं, एवढं त्यांनी ठरवलं.

थोरली बहीण मालिनी दाभोळला दिलेली. तिला पत्र गेलं, तिचं उत्तर आलं: खारव्यांच्या आळीत भिकाजी म्हणून सत्तरीचा म्हातारा आहे, मुंबई बंदराच्या राखणीला असलेल्या जुन्या लोखंडी जहाजावर तो पंधरा वर्षं आगवाला होता. दिवाळीच्या सुटीत बाई आगबोटीत बसल्या.

भिकाजी अंगणात जाळं विणत होता. बाईंचं म्हणणं ऐकून त्याने मानही वर केली नाही.

"आगवाल्याला काय दिसतंय, बाय? आमी तळाला. बॉयलरात कोळसा घालायचा. लढाईचं वरच्यांना विचार."

"वरचं लिहून झालंय, भिकाजीबाबा. तेच खोटं निघालं. मला तळाचं सांगा."

म्हाताऱ्याचे हात थांबले. त्याची सून सखू हिने चटई आणून टाकली. त्या दिवसापासून चार दिवस बाई रोज सकाळी तिथे जाऊन बसल्या.

"लोक लोखंडाला भितात," भिकाजी म्हणाला. "पन लोखंड जड. भर दर्यात लाट आली का पानी वरून जातंय. चाल बैलगाडीची."

"मग ते लढतं कसं?"

"लढत नाय. खाडीच्या तोंडावर बसतंय. दाराला अडसर घालावा तसं. तुज्या गलबतांचे गोळे अंगावरून उडून जातील. आतला आत, भायेरचा भायेर. मुलूख उपाशी मरतो."

तिसऱ्या दिवशी त्याने केरूचं सांगितलं. केरू दाभोळचाच, त्याच्या जोडीचा आगवाला. तोफांच्या सरावाच्या दिवशी वरची झाकणं बंद होती, खाली श्वास घ्यायला हवा नव्हती. केरू फावडं हातात असतानाच कोसळला. वर तोफा वाजत राहिल्या. त्याला वर न्यायला पाऊण तास लागला, तोवर तो गेला होता.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मग भिकाजीच म्हणाला, "लिही. त्याचं नाव घाल."

शेवटच्या दिवशी बाईंनी विचारलं, "असलं जहाज हरतं कसं?" भिकाजी त्यांना ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी घेऊन गेला आणि पाण्याबाहेर आलेला वाळूचा दांडा काठीने दाखवला. "जड हाय ना? मग रुतव."

जुनं बाड बाईंनी माळ्यावर टाकलं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. शाळा सांभाळून दीड वर्ष गेलं. नव्या कादंबरीत आधीचा नायक, जहाजाचा कप्तान, मागे पडला आणि केरू नावाचा आगवाला पुढे आला. दोन्ही चिलखती जहाजं खाडी अडवून बसली, गलबतांचे गोळे वाया गेले, आणि अखेर उधाणाच्या भरतीत पुढे सरकलेलं मोठं जहाज ओहोटीला दांड्यावर रुतलं. नक्कल करता करता वासुदेवराव एका पानावर थांबले.

"हा कुणी खरा माणूस होता का?"

"होता," बाई म्हणाल्या.

या खेपेला राजाभाऊ तीनच दिवसांत स्वतः घरी आले.

"छापतो. फक्त नाव वासुदेवरावांचं घालू. बाईने लिहिलेली लढाई वाचकांना पटायची नाही. अक्षर तर त्यांचंच आहे."

वासुदेवराव एरवी कमी बोलत. "राजाभाऊ, मी जन्मभर दुसऱ्यांचंच उतरवून काढलं," ते म्हणाले. "खाली सही मात्र कधी माझी केली नाही."

बाईंनी बाड मागून घेतलं. "माझ्या नावाने छापायचं नसेल तर राहू दे."

राहू दे म्हणाल्या, पण त्या गप्प बसल्या नाहीत. दर शनिवारी दुपारी वाचनालयात बायका जमत, तिथे त्या एकेक प्रकरण वाचू लागल्या. पहिल्या शनिवारी सात जणी होत्या. दोन महिन्यांत दालन पुरेना, आणि बाहेरच्या पडवीत पुरुष येऊन बसू लागले. जहाज रुतलं त्या शनिवारी पडवीत राजाभाऊही होते. वाचन संपल्यावर ते आत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "दमयंतीबाई, तुमच्या नावाने द्या."

१९३४ च्या जानेवारीपासून कादंबरी क्रमशः आली. वर ठळक अक्षरात 'दमयंती वासुदेव पोंक्षे' असं होतं. तक्रारीची पत्रंही आली. एकाने तर आगवाला नायक कसा, असं विचारलं. बाईंनी पुढचं प्रकरण वेळेवर दिलं.

मे महिन्यात त्या पाच अंक घेऊन दाभोळला गेल्या. भिकाजीला वाचता येत नव्हतं. त्याने सगळं ऐकून घेतलं, दोन ठिकाणी चुका काढल्या, आणि बाईंनी त्या तिथल्या तिथे टिपून घेतल्या. केरूचं प्रकरण त्याने दोनदा वाचायला लावलं. त्यानंतर तो उठून आत गेला आणि बऱ्याच वेळाने तोंड धुऊन बाहेर आला.

पुढच्या मार्गशीर्षात मालिनीचं पत्र आलं. केळशीहून आणि आंजर्ल्याहून दोन म्हातारे खलाशी भिकाजीकडे चौकशी करून गेले होते. लिहून घेणारी बाई परत केव्हा येणार, असं विचारत होते. दमयंतीबाईंनी नाताळच्या सुटीसाठी चार कोऱ्या वह्या बांधून घेतल्या.