राखाडी रंगासाठी पिंपरीला

गुरुवारी सकाळी मी चाकणहून भोसरीच्या बसमध्ये बसले. पिशवीत पाण्याची बाटली, छत्री आणि पाचशेची एक नोट होती. आमच्या भागात गुरुवारी कंपन्यांना सुट्टी. रविवारी सगळे झोपलेले असतात तेव्हा आम्ही कामावर, आणि गुरुवारी सगळे कामावर असतात तेव्हा आम्ही बाजारात. त्यामुळे बसमध्ये ओळखीचे चेहरे होते, पण माझ्यासोबत कोणी नव्हतं. कपडे घ्यायला एकटी मी पहिल्यांदाच निघाले होते.

निघायचं कारण सांगते. नवरात्रात आमच्या कंपनीतल्या बायका नऊ दिवस नऊ रंगांचे कपडे घालतात. खंडेनवमीला मशीनची पूजा असते. त्या दिवशी ॲप्रन घालावा लागत नाही, आणि प्रत्येक लाइनवरची एक बाई सगळ्यांसमोर नारळ फोडते. यंदा आमच्या सुपरवायझर मॅडमनी माझं नाव घेतलं. मी मान डोलावली आणि घाबरले नंतर. आजवर पूजेला मी खांबाजवळ उभी राहत आले. माझ्या साड्याही अशा, की खांब कुठे संपला आणि मी कुठे सुरू झाले ते कळू नये. त्यात नवमीचा रंग निघाला राखाडी. माझ्याकडे राखाडी चिंधीसुद्धा नव्हती. मी मनाशी ठरवलं, पाचशेच्या एका नोटेत चांगला, आजच्या पद्धतीचा कपडा मिळाला तर नारळ मी फोडीन. नाही मिळाला तर संगीताच्या हातात देईन. ती माझ्या शेजारच्या मशीनवर असते आणि तिने दोनदा विचारलंही होतं, "तुला नको असंल तर सांग हं."

निघताना सासूबाई म्हणाल्या, "सणाला राखुंडीचा रंग? तुमच्या कंपनीत कुणी गेलं-बिलं का काय?"

कुरुळीच्या पुढे रस्ता ट्रकांनी भरला होता. एका लांब ट्रेलरवर नव्या कोऱ्या गाड्या दोन मजल्यांनी उभ्या होत्या, आमची बस त्याच्या सावलीत कितीतरी वेळ थांबली. मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडल्यावर एक वयस्क बाई चढल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. नऊवारी, गळ्यात ठसठशीत पुतळ्यांची माळ, हातात मोबाइल.

"कुठं निगालीस गं?" त्यांनी विचारलं.

"पिंपरीला. राखाडी कपडा बघायला."

"राकाडी?" त्या माझ्याकडे वळूनच बसल्या. "आगं, माज्या कपाटात आहेराच्या साड्या मावत न्हाईत, पन राकाडी येक न्हाई. आमच्यात त्यो रंग कुनी देतच न्हाई. सुना बी परवा तेच शोधत व्हत्या."

"मग मिळाला?"

"मिळाला की. पन किंमत ऐकून मीच खाली बसले." त्या हसल्या. उतरताना म्हणाल्या, "घासाघीस कर बरं का. गप ऱ्हाऊ नकोस. गप ऱ्हानाऱ्या बाईला लय म्हाग पडतं."

भोसरीला बस बदलून पिंपरी कॅम्पात उतरले. कॅम्प म्हणजे मोठी सिंधी बाजारपेठ. एका ओळीत कपडे, दुसरीत भांडी, तिसरीत चपला. रस्त्यावर माणूस आणि स्कूटर दोघंही एकमेकांना जागा देत नाहीत, तरी सगळे पुढे सरकतात. दुकानांच्या दारात नऊ रंगांचे नऊ पुतळे उभे केलेले. राखाडीचा पुतळा मात्र बऱ्याच ठिकाणी उघडाच होता, त्याचे कपडे विकले गेले होते.

एका साडीच्या दुकानात शिरले. गादीवर बसवलं, चहा आला. विकणारा तरुण हसरा होता. "ताई, सिल्व्हर ग्रे दाखवतो," म्हणत त्याने साड्या फेकायला सुरुवात केली. माझ्यासमोर ढीग झाला. ही माझी नेहमीची अडचण आहे. एवढं उलगडून दाखवल्यावर मला उठता येत नाही. लाज वाटते, आणि मग मी मनात नसलेली वस्तू घेऊन घरी येते. माझ्या कपाटातल्या निम्म्या साड्या मी दुकानदाराच्या भिडेने घेतल्या आहेत. ह्या वेळी सगळ्यात स्वस्त साडीही माझ्या नोटेच्या दुप्पट होती. मी कप खाली ठेवला आणि उठले.

"काय ताई, चहा पिऊन निघालात?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

माझे कान गरम झाले. पण तोंडातून निघून गेलं, "चहा छान होता. साडी महाग आहे."

गादीवरच्या बायका हसल्या, तोही हसला. चप्पल घालताना मला फार बरं वाटलं.

रेडिमेड कुर्त्यांच्या दोन दुकानांत तसंच झालं. जो राखाडी परवडत होता त्याचं कापड हाताला पत्र्यासारखं लागत होतं, शिवण आत्ताच उसवू लागलेली. ऊन चढलं. एका गाडीवर दाल-पकवान (हरभऱ्याची घट्ट डाळ आणि तिच्याबरोबर कडक तळलेली पुरी) खायला थांबले. पकवान असं मोडतं की आवाज शेजाऱ्याला जातो. मी आवाज न करता खायचा प्रयत्न केला, ते शक्य नाही.

खाताना समोर लक्ष गेलं. एक जुनं, अरुंद दुकान, पाटी वाचली: कंपनी युनिफॉर्मचे कापड. आत जमिनीपासून छतापर्यंत तागेच तागे, आणि त्यांतले निम्मे राखाडी! फिकट, गडद, निळसर, धुरकट. आमचे मेंटेनन्सवाले रोज ह्याच रंगाच्या पँटी घालून माझ्यासमोरून जातात. सगळा बाजार राखाडीसाठी धावत होता आणि इथे एकही बाई नव्हती.

मालक म्हातारे सिंधी गृहस्थ होते. "या ताई. साहेबांची उंची किती?"

"साहेबांना नको. मला कुर्ता शिवायचाय."

त्यांनी चष्मा वर केला. "हे पँटचं कापड आहे, बेटा."

"माहितीये. कटपीस (ताग्यातून उरलेला तुकडा) असेल तर दाखवा."

"इतकी वर्षं बसलोय इथे," ते म्हणाले, "बाईने स्वतःसाठी मागितलेलं पहिल्यांदाच बघतोय." पण त्यांनी खालून गठ्ठा ओढला. मी एक धुरकट तुकडा घेऊन पायरीवर आले आणि उन्हात धरला. कापड जड, मऊ, आणि अंगावरून सरळ खाली पडणारं. पँटच्या कापडाचा पन्ना (रुंदी) मोठा असतो, त्यामुळे थोडक्यात भागतं. पण बाह्यांना मात्र कमी पडत होतं.

"हा दुसरा घ्या, एकच रंग आहे," ते म्हणाले.

"एक नाही. हा निळा मारतो."

त्यांनी स्वतः बाहेर येऊन पाहिलं. "मारतो थोडा," त्यांनी कबूल केलं, आणि किंमत कमी केली. मी निघून जाण्याची धमकी न देता, नुसती उभी राहून, आणखी थोडी कमी करून घेतली. बाह्या निळसर तुकड्याच्या करायच्या आणि जोडावर काठ लावायचा, हे मी तिथेच ठरवलं. तीन दुकानं सोडून लेसवाला होता. त्याच्याकडून राणी रंगाचा जरीचा काठ मापून घेतला. परतीच्या बसपुरते आणि शिलाईपुरते पैसे उरले.

बसमध्ये खिडकी मिळाली. पिशवी मांडीवर उघडून मी काठ कापडावर ठेवून बघत राहिले. आजवर मी कपडे घेतले ते कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून. स्वस्त म्हणजे फिकं, असं मीच ठरवून टाकलं होतं. स्वस्तात सुंदर मिळतं, पण तिथे पाय दुखेपर्यंत जावं लागतं आणि नको ते नको म्हणावं लागतं. भोसरीला गाडी बदलताना मी संगीताला फोन केला. "नारळ मी फोडणारे," म्हटलं. ती म्हणाली, "कपडा मिळाला वाटतं!"

शेजारच्या रेखाने दोन दिवसांत शिवून दिला. लांब, सरळ, मागे बंद गळा, बाह्यांवर आणि खाली राणी काठ. सासूबाईंनी फिरवून फिरवून पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "काठामुळं वाचला."

नवमीला मशीनवर झेंडूचे हार चढले. मी पुढे उभी राहिले, नारळ हातात घेतला, आणि मागून संगीताचा आवाज आला, "अगं बाई! हे तर मेंटेनन्सवाल्यांच्या पँटचं कापड!"

सगळ्यांनी आधी माझ्याकडे, मग कोपऱ्यातल्या मेंटेनन्सच्या माणसांकडे पाहिलं. सगळ्यांना हसू फुटलं. त्यांतला एक म्हणाला, "ताई, आमच्या डिपार्टमेंटला या की मग!"

"येते," मी म्हणाले, "पण आधी तुम्ही काठ लावून या."

मॅडमसुद्धा तोंडावर हात धरून हसल्या. मीही हसले, आणि हसता हसताच नारळ आपटला. एकाच फटक्यात फुटला. पाणी थेट बाहीवर उडालं. पँटचं कापड, त्यावर डाग कसला राहतोय? मी हाताने झटकलं आणि खोबरं वाटायला पुढे झाले.