नव्या गावाचा रंगारी

नाना रंगारी रंगवून झालेल्या घराकडे पाठ फिरवून कधी सरळ चालत गेला नाही. पाचपंचवीस पावलं जायचा, थबकायचा आणि परत यायचा. दार लागतंय का, खिडकीची कडी नीट बसते का, बघायचा. ही कामं सुताराची. रंगाऱ्याने त्यात लक्ष घालायचं कारण नव्हतं. कोणी हसलं तर म्हणायचा, "हंय माणसां ऱ्हवाक येतली. रंग खावन ऱ्हवतली काय?"

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आखातात, झल्लाकच्या वाटेवर, उघड्या वाळवंटात सरकार एक नवं गाव वसवत होतं. त्याला अजून नाव नव्हतं. आम्ही नुसतं 'नवं गाव' म्हणायचो. मी मूळची वसईची. ठेकेदाराच्या साइट ऑफिसात टायपिस्ट होते आणि झिंजहून कंपनीच्या बसने रोज तिथे जायचे. नाना देवगडचा, तिथेच कॅम्पात राहायचा. ऑफिसातली मराठी बोलणारी मी एकटी, म्हणून चहाच्या सुट्टीत तो दारात येऊन उभा राहायचा आणि त्या दिवशीची काळजी मला सांगून जायचा.

त्याच्या काळज्या स्वतःच्या कधीच नसत. नळाला पाणी येईल का? दवाखाना कधी उघडणार? सगळ्यात मोठी काळजी घरांची होती. एकाच नकाशाची, एकाच पिवळट रंगाची, रांगेमागून रांग. "बाय, ही घरां सगळी एका तोंडाची," तो म्हणायचा. "म्हातारी माणसां वाट चुकतली."

मी साहेबांच्या, म्हणजे साइट मॅनेजरच्या, कानावर घातलं. ते म्हणाले, नंबरच्या पाट्या येणारच आहेत. नानाला ते सांगितलं तर तो आणखीच कावराबावरा झाला. "आणि ज्येका वाचूक येणा नाय तेणां काय करूचा?"

पहिली काही कुटुंबं मुहर्रकच्या जुन्या गल्ल्यांतून आली. त्यांत उम्म जासिम, म्हणजे जासिमची आई, होती. नवरा वारलेला, मुलगा दिवसभर कामावर, घरात सून आणि ती. मुहर्रकमध्ये तिने जन्म काढला होता. डोळे मिटून घरी पोचली असती. इथे नानाने तिला दोनदा शेजारच्या दाराला किल्ली लावताना पाहिलं. दोन्ही वेळा तो तिला घरी पोचवून आला. तेव्हापासून तो कामाला कुठल्याही रांगेत असो, मधूनमधून शिडीवरून मान वळवून तिच्या अंगणाकडे बघायचा.

मग एका दुपारी धुळीचं वादळ उठलं. समोरची रांग दिसेनाशी झाली. ऑफिसचं दार ढकलून उम्म जासिमची सून आत आली, ओढणीने तोंड झाकलेलं. सासू घरच्या शेळीला बघायला बाहेर पडली ती परतलीच नव्हती. साहेब म्हणाले, "धूळ उतरू दे, मग माणसं पाठवतो." नाना वादळामुळे आमच्याच ऑफिसात अडकला होता. त्याने डोक्याचं फडकं नाकावर बांधलं आणि कोणाला न विचारता निघाला.

मी सुनेला पाणी दिलं. तिने पेला हातात धरला, प्यायली नाही. गावाच्या पलीकडे कुंपण नव्हतं, रस्ता नव्हता, नुसती वाळू. म्हातारी तिकडे गेली असेल, हे आम्हा दोघींच्याही मनात होतं. आता तर नानाही बाहेर होता.

वारा पडायला संध्याकाळ झाली. मग दोघं येताना दिसली. उम्म जासिमने नानाच्या सदऱ्याची बाही घट्ट धरली होती. ती सापडली होती शेवटच्या रांगेतल्या एका अर्धवट घरात. आपलंच घर समजून आत शिरली, स्वयंपाकघराच्या जागी बसली आणि सुनेची वाट बघत राहिली. सिमेंटची धूळ पडलेली होती, तीही तिने हाताने झाडून एका कोपऱ्यात केली होती.

"मग लगेच का नाही आणलंत, नाना?" मी विचारलं.

"ती म्हणता ह्यांच माजां घर. तिका ओढून कसां न्हेवचां? मीय बसलंय तिच्यावांगडा."

दुसऱ्या दिवशी त्याने पंपघरासाठी आलेला निळा रंग घेतला आणि तिचं दार रंगवलं. मुहर्रकचं दार तसं होतं, असं तिने त्याला त्या अर्धवट घरात बसून सांगितलं होतं. साहेब भडकले. कंपनीचा रंग, सरकारचं दार. व्हिसा रद्द करून पाठवून देईन, म्हणाले. त्या आठवड्यात नाना जेवला की नाही, देव जाणे. "पाठवूदेत," म्हणायचा आणि लगेच, "पण बायलेक काय सांगू?"

शेवटी दार परत पूर्वीसारखं करायला साहेब दुसरा रंगारी घेऊन स्वतः गेले. मीही गेले. उम्म जासिम दारात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून. ओरडली नाही, विनवलं नाही. एवढंच म्हणाली, "मफी." नाही. साहेब थोडा वेळ घुटमळले आणि परत फिरले. नानाला म्हणाले, "अब दूसरा मत करना." त्याने केलंही नाही. पण महिन्याभरात शेजाऱ्यांनी मनाम्याच्या बाजारातून आपापले रंग आणले आणि कुठला हात आधी मारायचा ते विचारायला नानाकडे येऊ लागले.

रंगकाम संपलं तसा त्याचा व्हिसाही संपला. जायच्या दिवशी उम्म जासिमला भेटायला त्याचं मन होईना. ती घाबरेल, म्हणाला. तूच सांग मागाहून. मी माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, नाना हिंदला गेला, खलास, म्हणजे कायमचा. तिने माझा हात धरला.

"एकटा गेला? त्याला वाट माहीत आहे?"

माहीत आहे, मी म्हटलं.

"इतकी वर्षं घराबाहेर होता. घर ओळखेल का तो?"

ओळखेल, म्हटलं. तिला पटलं नाही. त्यानंतर मी दिसले की ती तेच विचारायची, आणि खरं सांगायचं तर मलाही हळूहळू धास्ती वाटू लागली. आमच्या कॅम्पातला देवगडचा एक सुतार रजेवरून परतला, तेव्हा मी त्याला आधी नानाचं विचारलं. पोचलाय, म्हणाला, घरीच आहे, बरा आहे. मी तशीच उन्हातून तिच्याकडे गेले आणि सांगितलं. उम्म जासिमने सुनेला हाक मारून माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.