तळलेल्या मिरचीची बिअर

गिंडीच्या कारखान्यातली नोकरी गेली आणि माझा नवरा घरी बिअर करायला लागला. बंगळूरला त्याच्या कॉलेजातल्या मित्राचा बार आहे, तिथे बिअर तिथल्या तिथेच बनवतात. मित्र मूळचा पुण्याचा. ‘काहीतरी वेगळं करून दाखव, आवडलं तर बिअर बनवायला तुलाच ठेवतो,’ असं तो फोनवर म्हणाला होता. ऐन चाळिशीत नवरा पुन्हा उमेदवार झाला. मनातल्या मनात मीही बंगळूरला सामान हलवलं. खोटं कशाला बोलू, मला सासूबाईंपासून सुटका हवी होती.

मैलापूरच्या घरात, मागच्या बाल्कनीत त्याचा उद्योग चालायचा. इथल्या उकाड्यात बिअर आंबवायची म्हणजे पिंपाला ओली चादर गुंडाळून सारखा बर्फ बदलत बसायचं. आजारी पोराची करावी तशी तो त्या पिंपाची सेवा करायचा.

वेगळं काहीतरी म्हणून त्याने मिरची निवडली. माझ्या माहेरी, साताऱ्याला, मिरची म्हटली की ठेचा. हे घर तंजावरकडच्या मराठी माणसांचं. इथे मिरची म्हणजे मोरमिळगाय, खारट ताकात भिजवून उन्हात वाळवलेली. दर उन्हाळ्यात सासूबाई ती गच्चीवर घालतात. तिळाच्या तेलात काळी होईपर्यंत तळायची आणि दहीभाताबरोबर खायची. न तळता ती कुणी तोंडात घातलेली या घराने पाहिलेली नाही. म्हणून नवऱ्याने ती आधी तळली आणि मग बिअरमध्ये सोडली. इंजिनिअर माणूस! तेलाने फेस मरतो, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. वास आला तेव्हा मी आतून विचारलं, ‘दहीभात कालवू का?’

रविवारी दुपारी मित्र आला. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याने बिअर ओतली. फेस नावालाही नव्हता, वर तेलाचा तवंग तेवढा होता. मित्राने ग्लास उजेडात धरला, एक घोट घेतला आणि उठून बेसिनमध्ये थुंकला.

‘अरे, ही बिअर नाही, हे लोणच्याच्या बरणीचं धुवण आहे!’

मग त्याने मोबाइल काढला. ‘आता तू पी. पूर्ण ग्लास. बारमधल्या पोरांना दाखवतो.’

नवरा प्यायला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, नाक लाल झालं होतं आणि तो म्हणत होता, ‘चांगली आहे. थोडी तिखट आहे, पण चांगली आहे.’ मित्र हसून हसून सोफ्यावर आडवा झाला. मला इतका राग आला की ती बाटलीच त्याच्या टाळक्यात घालावी. पण नोकरी त्याच्या हातात होती.

‘वहिनी, तुम्ही सांगा. खरं सांगायचं हं.’

मी घोट घेतला. आधी मीठ लागलं, मग कढईतलं जुनं तेल, मग घशात जाळ. ‘छान आहे,’ मी म्हणाले. माझा चेहरा नवऱ्याला वाचता येतो. त्याने ग्लास खाली ठेवला.

सासूबाईंनी जेवायला वाढलं. दहीभाताबरोबर मित्र कुरुमकुरुम मिरच्यांवर मिरच्या खात सुटला. ‘मावशी, हे काय आहे? कमाल आहे!’

‘हा अस्कं नासवला,’ सासूबाई मुलाकडे न बघता म्हणाल्या. ‘तू तरी खा रे. अस्कं घेऊन जा.’ अस्कं म्हणजे सगळं. उरलेला अख्खा डबा त्यांनी मित्रापुढे ठेवला. डब्याचं झाकण सापडेना, ते नवऱ्याने शोधून दिलं.

आता त्या बारमध्ये बिअरबरोबर सासूबाईंच्या मिरच्या असतात. मित्र शब्दाला जागला म्हणायचं, आमच्या घरातल्या एका माणसाला त्याने काम दिलं. गच्चीवर मिरच्या घालायला आता दोन बायका येतात. पार्सल बांधायचं आणि बंगळूरच्या बसवर चढवून यायचं, एवढं नवऱ्याकडे आहे. पिंपात मिरच्यांसाठी ताक असतं.

‘मुलगा माझ्याकडे कामाला आहे,’ सासूबाई शेजारणींना तमिळमध्ये सांगतात, तो तिथेच बसलेला असताना. शेजारणी हसतात. परवा मीही हसले. त्याने मान वर केली नाही, पार्सलच्या दोरीला आणखी एक गाठ मारली.