आखलेला डोळा

रोह्याच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेच्या कपाटावर मानवी पेशीचं एक मॉडेल आहे. शिकवताना मी त्याच्याकडे कधी पाठ करत नाही. मुलांना वाटतं, मॅडमची लकब आहे. खरं कारण असं की त्या पेशीला डोळा आहे, आणि तो माझ्या आईने काढलेला आहे.

माझं माहेर हमरापूरचं, पेणपासून जवळच. घरचाच गणपतीचा कारखाना, आणि आईकडे त्यातलं एकच काम, डोळ्यांची आखणी. मूर्ती साच्यातून निघते, घासली जाते, रंगवली जाते, तोवर तो आमच्यासाठी नुसता माल असतो. त्याच्या शेजारी बसून माणसं चहा पितात, भांडतात, शिव्यासुद्धा देतात. एकदा डोळे आखले की त्याच मालासमोर कुणी आवाज चढवत नाही. आखून झालं की आई आधी डावीकडे जाऊन उभी राहते, मग उजवीकडे. दोन्हीकडून मूर्ती आपल्याकडे बघतेय असं वाटलं तरच ती ब्रश धुते. आणि आखलेला डोळा आमच्याकडे पुसत नाहीत. रेघ चुकली तर अख्खी मूर्ती पाण्यात सोडतात, पण डोळ्याला फडकं लावत नाहीत.

कॉलेजातली विकतची मॉडेलं मुलांच्या हातून मोडतात, म्हणून मी आईलाच म्हटलं, मला एक पेशी करून दे. वडिलांनी प्लास्टरचा अर्धा गोळा ओतून दिला. आईने पेशीच्या पटलाला पितांबराचा पिवळा लावला, आतल्या तंतुकणिकांना मुकुटातल्या खड्यांचा लाल. मग मधल्या गोळ्यावर बोट ठेवून विचारलं, "ह्यो काय गो?"

"ते केंद्रक. पेशीने काय व्हायचं, काय करायचं, सगळं त्यात असतं. अर्धं आईकडून आलेलं, अर्धं बापाकडून."

पुढच्या रविवारी घ्यायला गेले तर केंद्रकात डोळा. काळं बुबुळ, त्यात पांढरा ठिपका, वर पापणीची लांब रेघ. मी भडकलेच. "आई, पेशी काय बघते कुणाकडे? मुलं हसतील मला. पूस ते."

"सगळा जीव तिथं हाय, तूच बोललीस ना? मग त्याला आंधला कसा ठेवू? आन् आखलेला डोला पुसत नाय."

माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. दिवस पूर्ण भरलेले, पण मूल मेलेलंच जन्मलं. बायकांनी तिला ते एकदा दाखवलं आणि लगेच नेलं. खाडीच्या बांधाजवळ कुठेतरी पुरलं. तिच्या लक्षात राहिल्या त्या फक्त मिटलेल्या पापण्या. घरात त्याला नाव नाही, त्याचा विषय नाही. पण बाळकृष्णाची मूर्ती आली की तिचे डोळे आई कधीच आखत नाही, दुसऱ्या कुणाला तरी देते, हे मी लहानपणापासून बघत आले होते.

मॉडेल घ्यायला गेले त्याच दिवशी मी तिच्याजवळ बसून नुकतंच वाचलेलं सांगत होते. मला शिकवायची खोड आहे, समोर कोण आहे ते बघत नाही. म्हटलं, पोटात मूल असताना त्याच्या काही पेशी आईच्या अंगात उतरतात. मूल वेगळं झालं तरी त्या जात नाहीत. म्हातारपणीसुद्धा सापडल्या आहेत.

आईने हातातला ब्रश खाली ठेवला. "जो जगला नाय, त्याच्या पन?"

"त्याच्या पण," मी म्हटलं.

 त्यानंतर मी घरी गेले की बघायची, ती जेवताना मध्येच थांबायची, पोटावर हात ठेवून कान दिल्यासारखी बसायची. एकदा मागच्या अंगणात ती एकटीच बोलत होती, हळू, कौतुकाने. तिथे कुणीही नव्हतं. मी तशीच मागे फिरून आत गेले.

मग तिचं रक्त जायला लागलं. पेणच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, गर्भपिशवी काढा, उशीर करू नका, आणखी रक्त गेलं तर जिवाशी येईल. आई चक्क नाही म्हणाली. वडील चिडले, शेजारणी समजावून गेल्या. तिचा चेहरा पांढरा पडत चालला, हात इतका कापायला लागला की आखणी बंद झाली. एका दुपारी कुणी नसताना तिने मला कारण सांगितलं.

"तो हाय ना तिथं. तूच बोललीस. एकदा माझ्याकडून नेला त्यांनी. आता परत काढून टाकायला देऊ व्हय?"

मला रडू आलं, रागही आला. कुणाचा राग, ते अजून सांगता येत नाही.

त्याच संध्याकाळी मी रोह्याला परतले, दुसऱ्या दिवशी कॉलेजातलं मॉडेल चादरीत गुंडाळलं आणि एसटीने पुन्हा हमरापूरला निघाले. ते मांडीवर होतं. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "हमरापूरचा बाप्पा काय?" मी काय सांगणार? हो म्हटलं. त्यांनी चादरीला नमस्कार केला.

मॉडेल आईसमोर ठेवून मी तिला सांगितलं की पेशी म्हणजे खोलीत कोंडलेलं माणूस नव्हे. ती रक्तातून फिरते, जागा मिळेल तिथे राहते, तिथलीच होऊन काम करते. अशा पेशी बायकांच्या काळजात सापडल्या आहेत, मेंदूतही. पिशवी गेली म्हणून सगळं जात नाही.

आई त्या डोळ्याकडे बघत ऐकत होती. मग तिने मान वर केली. "तू त्याच्यामागून त्याच पोटात वाढलीस. तुझ्यात आला असंल?"

हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. "येऊ शकतात म्हणतात," मी म्हटलं, "पण खात्री कुणाला नाही." तिने पुढचं ऐकलंच नाही. डॉक्टरांकडे कधी जायचं ते विचारलं.

ऑपरेशन नीट झालं. आई घरी आली, अंगात रक्त भरलं, हात स्थिर झाला. रोह्याला परत जायच्या दिवशी मी मॉडेल बांधत होते. तिने मला हाक मारली आणि कारखान्याच्या दारात, उजेडाकडे तोंड करून बसवलं. मला वाटलं, तिला काहीतरी द्यायचं असेल.

आई माझ्या डावीकडे जाऊन उभी राहिली. मग उजवीकडे गेली. मला कळलं, ती काय करतेय. तिने माझी हनुवटी धरून तोंड वर केलं आणि डोळ्यांत बघितलं. जन्मभर माझ्याकडे बघत आली, पण असं कधी बघितलं नव्हतं. ते बघणं माझ्यासाठी नव्हतं. मी घाबरले. ओरडून सांगावंसं वाटलं, आई, मी आहे गो, मीच.

"डोले उघडलेस रं," ती म्हणाली.

उजेडाने माझ्या डोळ्यांना पाणी आलं. पण ती बघत होती तोवर मी पापणी लवू दिली नाही.